आईची शिंपटी आणि मुक्या कळ्या

मंडळी, आजचा विषय तसा घरगुती आहे. मुलाला रानाची, पाण्याची, डोंगराची ओढ लागते ती कुणामुळे? आईवडिलांमुळे, असं आपण चटकन सांगून मोकळे होतो. पण आईवडील नेमकं करतात काय, असं कुणी विचारलं की अडखळतो. ‘फिरायला नेतात’ याच्या पलीकडे काही सुचत नाही. म्हणून आज आधी दोन-तीन पुस्तकं उघडून बघू आणि मग आपल्या कोल्हापुरात येऊ.

पहिलं पुस्तक बहुतेक मराठी घरांत असतंच. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’. आपण हे पुस्तक संस्कारांचं म्हणून वाचतो आणि डोळे पुसत मिटतो. पण त्याच्या ४२ रात्री जरा वेगळ्या नजरेनं चाळून बघा. विहिरी, फुलझाडं, पानं, कोकणातला पाऊस हे सगळं बाजूला काढलं तर त्या आईकडे शिकवायला फारसं उरत नाही. तिची शाळा बरीचशी घराबाहेर भरते.

त्यातल्या दोन रात्री आपण शेजारी शेजारी ठेवू. एक ‘श्यामचे पोहणे’. गावातली पोरं विहिरीत पोहायला शिकतायत आणि श्याम भीतीनं घरात लपून बसलाय. आई त्याला शोधून काढते, शिंपटीनं मारते आणि विहिरीवर धाडते. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणावं, हे तिला सहन होत नाही. दुसरी रात्र ‘मुकी फुले’. दुसऱ्यांच्या आधी आपल्याला मिळावीत म्हणून पोरं न उमललेल्या कळ्याच तोडून आणतात. तेव्हा हीच आई सांगते, की कळ्यांना झाडावर फुलू द्यावं.

आता गंमत बघा. एका ठिकाणी आई मुलाला पुढे ढकलते, दुसऱ्या ठिकाणी त्याचा हात मागे ओढते. पाण्याची भीती वाटते? मग जा, उडी मार. फुलांची हाव सुटलीय? मग थांब. आमच्या मते निसर्गाच्या बाबतीत आईबाप जे देऊ शकतात ते या दोन रात्रींत मावतं. भीती काढायची आणि हाव आवरायची. यातलं एकच दिलं तर काम बिघडतं. नुसती भीती गेली तर पोरगं रान लुटायला निघतं, आणि नुसती हाव आवरली तर ते घरात बसून निसर्गावर निबंध लिहितं.

या पुस्तकाच्या मर्यादाही बोलल्या पाहिजेत. शिंपटीचं समर्थन आज कुणी करू नये, आम्हीही करत नाही. दुसरी मर्यादा जास्त खोल आहे. विहिरीत उडी मारतो तो मुलगा. आई स्वतः काठाशीही नाही. मुलग्याची भीती काढणाऱ्या या घरात मुलीची भीती काढायचा प्रश्न कुणाला पडतच नाही. हा प्रश्न मनात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

दुसरं उदाहरण मारुती चितमपल्लींचं. जन्म १९३२, गाव सोलापूर. मागांचं, गिरण्यांचं, कोरड्या हवेचं शहर. घरात तेलुगू बोलली जायची. अशा ठिकाणचा मुलगा पुढे वनखात्यात जातो, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट पालथं घालतो आणि मराठीला अरण्याचं एक अख्खं दालन उघडून देतो. रानाची गोडी लागली त्याचं श्रेय ते आईला देत. झाडांची, पाखरांची नावं त्यांना आधी तिच्याकडून कळली. आणि पुढे त्यांनी आयुष्यभर काय केलं? नावंच गोळा केली. ‘पक्षिकोश’ केला. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असा शब्द मराठीत रुजवला. जून २०२५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ लिहून आलं, आणि बहुतेकांनी त्यांना ‘अरण्यऋषी’ म्हटलं. या विशेषणावर आमचा थोडा आक्षेप आहे. ऋषी म्हटलं की माणूस आभाळातून पडल्यासारखा वाटतो आणि त्याची आई पुसली जाते. ज्याला झाडाचं नाव माहीत आहे त्याला ते झाड तुटताना दिसतं. नाव माहीत नसेल तर नुसता रस्ता रुंद झालेला दिसतो. एवढी मोठी गोष्ट एका आईनं जाता-येता देऊन टाकली.

पण ज्याला आईबापच नाहीत त्याचं काय? सालिम अली लहानपणीच पोरके झाले, मामांकडे वाढले. हवाबंदुकीनं पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून त्यांनी मामांना विचारलं. मामांना उत्तर माहीत नव्हतं. ते स्वतः शिकारी होते, ‘असेल काहीतरी’ म्हणून विषय संपवू शकले असते. त्यांनी मुलाला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. पालकाला सगळं माहीत असावंच लागतं असं नाही. मुलाचा प्रश्न उडवून लावला नाही तरी पुष्कळ झालं.

आता कोल्हापुरात येऊ. मघाचा प्रश्न होता, मुलीची भीती कोण काढणार? आपल्याच शहरात त्याचं एक उत्तर मिळालंय. मे २०२२ मध्ये कस्तुरी सावेकर एव्हरेस्टवर पोचली. आदल्या वर्षीचा तिचा प्रयत्न हवामानामुळे अर्ध्यावर राहिला होता. वडिलांना डोंगरांचा नाद, आणि लहानपणापासून ती त्यांच्याबरोबर गड चढत आली. बातम्यांनी शिखर मोजलं. आम्हाला त्याआधीच्या कितीतरी साध्या रविवारांचं मोल जास्त वाटतं. आणि पहिल्या वर्षी माघारी फिरणं? तेही ‘मुकी फुले’च्याच धड्यातलं आहे. डोंगर आज नको म्हणतोय, तर थांबायचं.

आणि बाकीचे आपण? जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालायला मुलांना घेऊन जातो, पावसाळ्यात राऊतवाडीच्या धबधब्यावर गर्दी करतो, दाजीपूरला गवा बघायला जातो. चांगलंच आहे. पण वाटेत मुलाच्या कानावर काय पडतं? ‘चिखलात जाऊ नको, कपडे खराब होतील’ आणि ‘इकडं बघ, फोटो काढू दे’. म्हणजे भीती ठेवली आणि हाव वाढवली. श्यामच्या आईच्या बरोब्बर उलट. दाजीपूरचं रान एके काळी संस्थानची शिकारीची जागा होतं, १९५८ साली ते अभयारण्य झालं. एका राखीव शिकारीच्या रानाला हाव आवरता आली. आपल्याला मोबाइल खिशात ठेवता येत नाही.

तरी सगळा दोष आईबापांवर टाकून चालणार नाही. एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. पंचगंगेच्या घाटावर, रंकाळ्यात, गावोगावच्या विहिरींत कोल्हापूरच्या कितीतरी पिढ्या पोहायला शिकल्या. पाठीला डबा बांधून बापानं पाण्यात सोडलेली माणसं या श्रोत्यांतही असतील. आज तोच बाप पोराला म्हणतो, ‘नदीत उतरू नको.’ तो भित्रा झालाय का? नाही. नदी घाण झालीय. सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी सोडून सोडून आपण तिची ही गत केली. त्याचं ‘नको’ खरं आहे, आणि म्हणूनच ते जास्त टोचतं. २०१९ चा महापूर आठवा. ज्या पोरांनी नदीला कधी हात लावला नाही, त्यांची तिच्याशी पहिली ओळख घरात शिरलेल्या पाण्यातून झाली. ओळखीआधी भीती. आता ती काढायला त्यांना कुठल्या पाण्यात उतरवायचं?

आईबापांच्या संस्काराचं कौतुक करताना हे विसरायला नको. श्यामच्या आईजवळ मुलाला धाडायला एक स्वच्छ विहीर होती. आपल्याकडे प्रेम आहे, वेळही थोडाफार काढता येतो, पण धाडायला पाणी राहिलेलं नाही. तेव्हा मुलांना निसर्गाची आवड कशी लावावी हे विचारणाऱ्या पालकांना आमचं उत्तर असं आहे: रविवारी पोराला डोंगरावर न्या, चार झाडांची नावं सांगा, न येणारी त्याच्याबरोबर शोधा. आणि सोमवारी आपल्या वॉर्डातलं सांडपाणी कुठल्या नाल्यातून नदीत जातं ते विचारायला महापालिकेत जा, पोरालाही बरोबर न्या. तोही संस्कारच आहे.