फरारी फकिरा आणि मागं राहिलेली माणसं

कोयनानगरला परवा पोरांच्या बैठकीत अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’वर बोलणं निघालं. वारणेचं खोरं इथनं काही लांब नाही, मधे डोंगर तेवढे आडवे. पोरं तासभर खजिन्याच्या लुटीवरच बोलत बसली. घोडा, तलवार, दौड. मला राग आला, पण पोरांचा नाही. आपल्याला वाचायला शिकवलंय तेच असं.

कादंबरी १९५९ ची. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. तिला अद्भुतरम्य म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ झाले. त्यांनी शेवट वाचला का, हा माझा सवाल आहे. फकिरा रणात पकडला जात नाही. सरकार मांगवाड्यातली माणसं कबज्यात घेतं आणि त्यांच्यासाठी तो आपणहून हजर होतो. रानातली उपासमार, रात्रीचं चालणं हे फरारी माणूस सोसतो. पण मागं राहिलेल्यांना ओलीस धरलं की त्याचं काय चालणार? यात अद्भुत काय आहे? हा तर सरकारी रिवाज.

आता दुसरं प्रकरण बघा. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मार्सेयला बोटीतनं उडी मारली. फ्रेंच पोलिसानं धरून परत इंग्रजांच्या हवाली केलं. त्यावर दोन राष्ट्रं भांडली, हेगला लवाद बसला. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला : हवाली करण्यात चूक झाली, तरी कैदी परत देण्याचं बंधन इंग्रजांवर नाही. निकाल अन्यायाचाच. पण निदान कोणी विचारलं तरी.

त्याच १९११ साली गुन्हेगार जमातींचा कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला. नोंदलेला माणूस परवान्याशिवाय हद्दीबाहेर सापडला तर वॉरंट नको. पोलीस, पाटील, गावचा जागल्या, कोणीही धरावा, मॅजिस्ट्रेटपुढं उभा करावा, हद्दीत परत धाडावा. आणि या परतीच्या वाटेला कैद्यांच्या ने-आणीचेच नियम. चोरी शाबीत नाही, तरी चालायचं ते कैदी म्हणूनच. त्याच्यासाठी कुठला लवाद? गावाची शीव हीच त्याची सरहद्द.

आणि मित्रांनो, हा जागल्या कोण? कुठं रामोशी, कुठं आपलाच वेसकर महार. वतनाच्या भाकरीसाठी रात्रभर वेशीत बसणारा. बाबासाहेब वतनावर तुटून पडले ते उगाच नाही. मांगाला धरायला महार उभा केला की साहेबाला शिपायाचा पगारही वाचतो. ‘फकिरा’ वाचताना आपण घोड्यावरच बसतो, वेशीत बसलेल्या आपल्या आज्याकडं बघत नाही.

अण्णाभाऊंवरही माझी एक तक्रार आहे. हजेरीचा जाच ते जीव तोडून लिहितात. मात्र हजर झाल्यावर पुढं काय, बेडी घालून माणसाला कसं नेतात, वाटेत पाणी कोण देतं, बायकापोरांना कोण कळवतं, हे सविस्तर येत नाही. वाटेगावात जन्मलेल्या या माणसाला ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. वीराला मान खाली घातलेला दाखवायचा नव्हता, असं असेल. मला तो तसाही चालला असता.

कायदा १९५२ साली गेला. पारध्याच्या पालावर रात्री येणारी गाडी मात्र आजही वॉरंट दाखवतेच असं नाही.

पुढच्या बैठकीला लुटीचं प्रकरण नको. शेवटची पानं वाचून या.