वेलांटी कोणाची मोजायची?

आपल्या समाजातील पुष्कळ मुले-मुली आज व्हॉट्सअॅपवर मराठीत लिहितात. कविता, शोकसंदेश, ईदच्या शुभेच्छा, निवडणुकीवरची मते, सारे काही. त्यावर हमखास एक शेरा येतो : 'आधी शुद्ध मराठी शिका.' हा शेरा कुलकर्णी-पाटलांच्या पोरांनाही मिळतो, नाही असे नाही. पण त्यांची चूक घाईतली समजली जाते, आणि शेख-पठाणांची चूक मात्र 'ही भाषा यांची नव्हेच' याचा पुरावा ठरते. आमची तक्रार या दुहेरी मापाबद्दल आहे.

मुळात हे नियम आभाळातून उतरलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने 1962 साली 14 नियम केले, 1972 साली त्यांत 4 नियमांची भर घातली. त्याआधी 'कवि' आणि 'नाहीं' लिहिणारा शुद्ध होता, नंतर तोच अशुद्ध ठरला. तेव्हा शुद्धलेखन हा माणसांनी केलेला करार आहे. तो जरूर पाळावा, पण त्यावरून कोणाचे खानदान काढू नये.

शिवाय आपल्या कित्येक चुका म्हणजे दुसऱ्या व्याकरणाच्या खुणा असतात. उर्दूत नपुंसकलिंग नाही. किताब स्त्रीलिंगी, म्हणून पोर 'माझी पुस्तक' लिहिते. दखनीत कर्त्याला 'ने' लागत नाही, क्रियापद कर्त्यामागे जाते. म्हणून 'मी काम केलो'. याला लोक हसतात. वास्तविक सोलापूर-लातूरकडे 'मी काम केलो' सर्व जातिधर्मांची माणसे बोलतात. त्यांच्या तोंडी ती बोली, आणि आपल्या तोंडी अडाणीपणा!

उर्दूवालेही यात मागे नाहीत. इमला चुकला की शेर कितीही चांगला असो, तो बाजूला पडतो. 'ज़' या एका उच्चारासाठी उर्दूत ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ो अशी चार अक्षरे. कान एकच ध्वनी ऐकतो, हाताने चारांतून एक निवडायचे असते. श्रुतलेखनात मुले तेथेच अडतात, आणि ती मठ्ठ मुळीच नसतात.

मग वाटेल तसे लिहावे काय? मुळीच नाही. 'जलील' म्हणजे थोर, 'ज़लील' म्हणजे बेइज्जत. मराठीत नुक्ता देत नाहीत, तेव्हा वाचणाऱ्याने संदर्भ पाहावा. पण रोमन लिपीत 'जे'च्या जागी 'झेड' पडला की भल्या माणसाची अब्रू गेलीच. 'दिन' म्हणजे दिवस. 'दीन' मराठीत गरीब, उर्दूत धर्म. अशी चूक जरूर सांगावी, पण चारचौघांत नव्हे. आणि छापील अंकाला मुद्रितशोधक असतो, फोनवर लिहिणाऱ्याला तो नसतो, एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आमच्या एका विद्यार्थिनीने दादीच्या इंतकालानंतर चार ओळी मराठीत लिहिल्या. पहिले उत्तर आले ते ऱ्हस्व-दीर्घाबद्दल. दादीबद्दल कोणी काही विचारले नाही. तेव्हापासून ती रोमन लिपीत उर्दू लिहिते. मुस्लिम मराठी साहित्याला नवे लेखक का मिळत नाहीत, असे परिसंवाद भरवणाऱ्यांनी याचाही हिशेब मांडावा.

आम्ही वर्गात मराठीच्या दोन वह्या ठेवतो. निबंधाच्या वहीत लाल शाई चालते. दुसरीत मुले मनचे लिहितात, तेथे आम्ही फक्त सही करतो. त्या वहीतली मराठी जूनमध्ये निम्मी उर्दू असते, मार्चपर्यंत बरीच सावरते.