आत्मकथन आणि साक्ष : पहिल्या पुस्तकाच्या पूर्वतयारीविषयी

आपल्या समाजात आत्मकथन लिहिण्याची प्रेरणा वाढीस लागली आहे, ही समाधानाची बाब आहे. सेवानिवृत्त शिक्षक, परिचारिका, धर्मग्रामात आयुष्यभर राबलेले प्रापंचिक कार्यकर्ते ‘आपणही काही लिहून ठेवावे’ असे म्हणू लागले आहेत. त्यांची हस्तलिखिते धर्मगुरूंकडे वाचावयास येतात. त्यांपैकी काही पदरमोड करून छापलीही जातात. परंतु रौप्यमहोत्सवी किंवा सुवर्णमहोत्सवी समारंभात वाटलेली ही पुस्तके ज्या घरात जातात, त्या घरातही ती क्वचितच शेवटपर्यंत वाचली जातात. याचे कारण काय? भाषा कच्ची असते म्हणून, असे सामान्यतः म्हटले जाते. मला ते पटत नाही. यांतील बहुतेक मंडळी शुद्ध आणि नेटके मराठी लिहितात. उणीव भाषेत नसून योजनेत आहे. लेखणी हाती घेण्यापूर्वी जो विचार व्हावयास हवा तो झालेला नसतो.

पहिले पुस्तक लिहिणारा लेखक असे समजून चालतो की ‘माझे आयुष्य’ हा आपला विषय आहे. वास्तविक आयुष्य हा विषय नव्हे. ती केवळ सामग्री आहे. त्या आयुष्याला विचारलेला एखादा प्रश्न हा पुस्तकाचा विषय असतो. प्रश्न नसला की सामग्री कालक्रमाने ओतली जाते : जन्म, शिक्षण, नेमणूक, बदल्या, सत्कार, आभार. अशा लेखनाला सेवापुस्तिकेचे रूप येते. ‘साक्ष’ हा शब्द आपल्याला नित्य परिचयाचा आहे. साक्षीदाराला कोणी त्याचे समग्र जीवन विचारीत नाही. त्याला एक प्रश्न विचारला जातो आणि त्या प्रश्नापुरते त्याने जे पाहिले, ऐकले, सोसले ते त्याने सांगावयाचे असते. पहिले आत्मकथन ही अशी साक्ष असावी, असे माझे प्रतिपादन आहे.

या दृष्टीने संत लूककृत शुभवर्तमानाची प्रस्तावना पुन्हा वाचून पाहावी. चारही शुभवर्तमानकारांत अशी प्रस्तावना लिहिणारा लूक हा एकटाच आहे. पहिल्या चार ओव्यांत त्याने आपल्या ग्रंथाची सारी योजना मांडली आहे. आपल्या आधी इतरांनी हे लिहिण्याचा प्रयत्न केल्याचे तो मान्य करतो. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून हा वृत्तान्त आल्याचे सांगतो. आपण मुळापासून शोध घेतल्याचे नमूद करतो. क्रमवार लिहिण्याचे ठरवतो. आणि हे सर्व थियफिल नावाच्या एका वाचकासाठी, त्याला मिळालेल्या शिक्षणाची निश्चिती पटावी म्हणून. पूर्वसूरींचे भान, साक्षीदार, शोध, क्रम, वाचक आणि हेतू या सहा गोष्टी त्यात आहेत. ज्या लेखकाला आपला थियफिल कोण हे ठाऊक नाही, त्याने पहिले प्रकरण लिहावयास घेऊ नये.

पहिल्या पुस्तकाचे एक तेजस्वी उदाहरण आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले. त्यामागील निमित्त निश्चित होते. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. ती पुढे कमी झाली. परंतु त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून सरसकट स्त्रीजातीवर दुराचाराचे आरोप होऊ लागले. ताराबाईंनी त्याला उत्तर दिले. जे दुर्गुण पुरुषांतही आहेत, ते एकट्या स्त्रियांच्याच माथी का मारले जातात, हा त्यांचा एकच प्रश्न आहे. समीक्षकाच्या काटेकोर दृष्टीने पाहिले तर या पुस्तकाची मांडणी बांधीव नाही. संताप एका मुद्द्यावरून दुसऱ्या मुद्द्यावर झेप घेतो, काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. तरीही ते छोटेखानी पुस्तक विस्कळीत वाटत नाही, कारण प्रत्येक वाक्य त्या एका प्रश्नाला बांधलेले आहे आणि ते कोणाला उद्देशून आहे याविषयी लेखिकेच्या मनात संदेह नाही. स्वतःच्या घरादाराविषयी ताराबाई फारसे सांगत नाहीत, पण त्यांचा ‘मी’ प्रत्येक ओळीत ऐकू येतो. आत्मकथन लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे : स्वतःविषयी पुष्कळ लिहिल्याने ‘मी’ प्रकट होतोच असे नाही.

त्या पुस्तकावर तत्कालीन समाजात टीका झाली. महात्मा फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर त्यांचे दुसरे पुस्तक झाल्याचे आढळत नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत जवळजवळ शतकभर ते विस्मृतीत होते. पहिले पुस्तक हेच शेवटचेही ठरू शकते, हा यातला बोध आहे. म्हणून जे अत्यंत निकडीचे आहे, ते पुढील पुस्तकासाठी राखून ठेवू नये.

आता आत्मकथनाकडे वळू. ख्रिस्ती परंपरेत या वाङ्मयप्रकाराचा आद्य पुरुष म्हणजे संत ऑगस्टीन. इ. स. ३९७ च्या सुमारास, वयाच्या त्रेचाळिशीत त्यांनी आपली ‘कबुलीजबानी’ लिहावयास घेतली. तिची रचना अभ्यासण्यासारखी आहे. तेरा भागांपैकी पहिल्या नऊ भागांतच जीवनवृत्त आहे, आणि ते त्यांची माता संत मोनिका हिच्या ३८७ सालच्या मृत्यूपाशी थांबते. पुढील दहा वर्षांत ते धर्मगुरू झाले, महागुरू झाले. आपल्याकडील लेखकाने त्यावर तीन प्रकरणे खर्ची घातली असती. ऑगस्टीन ते सारे गाळतात. उलट, सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर केलेल्या नासपतींच्या एका क्षुल्लक चोरीवर ते पाने खर्च करतात. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. मग चोरी का केली? मनुष्य वाइटावर वाइटासाठीच प्रेम करतो काय, हा त्यांचा प्रश्न त्या लहानशा प्रसंगात सापडतो, म्हणून त्याला स्थान आहे. कोणत्या प्रसंगाला किती जागा द्यावी हे त्याच्या बाह्य मोठेपणावरून ठरत नाही. प्रश्नाशी असलेल्या त्याच्या नात्यावरून ठरते.

मराठीत हाच धडा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त मिळतो. लक्ष्मीबाई आपल्या पंथाच्या नव्हेत. परंतु मराठी ख्रिस्ती गद्याचा विचार करताना त्यांना वगळणे अशक्य आहे. त्यांच्याआधी बाबा पदमनजी यांनी १८८८ साली ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले होते आणि आपल्या धर्मांतराची कहाणी विचारपूर्वक सांगितली होती. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण असे नव्हतेच. रेव्हरंड टिळकांच्या निधनानंतर, चिरंजीव देवदत्त यांच्या आग्रहातून त्यांनी आठवणी लिहिल्या आणि पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या नावातच त्याची योजना आहे. हे चरित्र नव्हे, ही चित्रे आहेत. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यापासून आरंभ होतो आणि वाचकाला हसता हसता कळते की या पुस्तकाचा प्रश्न शिवाशिवीचा, माणसाने माणसाला जवळ करण्याचा आहे. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर कोसळलेले दुःख त्या झाकीत नाहीत. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधल्या वर्षांतील विरह, राग आणि संशय त्या अशा सांगतात की नंतरची श्रद्धा उसनी वाटत नाही. पुढे आपण ख्रिस्ती झालो, म्हणून आधीचा विरोध सौम्य करून दाखवावा, असा मोह त्यांना पडला नाही. ‘स्मृतिचित्रे’चे खरे सामर्थ्य विनोदापेक्षाही या निर्भय क्रमात आहे.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडील एका हस्तलिखिताचा उल्लेख करतो. लोणार तालुक्यातील बीबी येथे स्थायिक झालेल्या एका सेवानिवृत्त शिक्षकबंधूंनी ते वाचावयास दिले आणि त्याविषयी लिहिण्यास अनुमतीही दिली. अक्षर सुंदर, लेखन निर्दोष, कष्ट प्रामाणिक. बदल्यांची गावे आहेत, अधिकाऱ्यांची नावे आहेत, सत्काराच्या भाषणांचा सारांश आहे. या सगळ्यात एक वाक्य येते : आजोबा लहानपणी दुष्काळात मिशनमध्ये आले. लगेच पुढचा परिच्छेद शाळेचा. आणखी बऱ्याच पानांनंतर, सहज ओघात, असे येते की हे आजोबा म्हातारपणीही जेवताना भाकरीचा चतकोर धोतराच्या सोग्यात बांधून ठेवीत आणि कोणी हसले तर रागावत.

माझ्या मते या लेखकाचे पुस्तक त्या चतकोर भाकरीपासून सुरू होते. उरलेले बहुतेक सारे टिपणात ठेवण्याजोगे आहे.

मग ते एका वाक्यात का आटोपले? कारण आपल्याला संकोच वाटतो. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत दख्खनमधील असंख्य अनाथ मुले आणि भुकेली कुटुंबे मिशनऱ्यांच्या आश्रयाला आली. त्यांतील पुष्कळांना गावकुसाबाहेरचे जिणे वाट्याला आलेले होते. पुढे ‘हे पोटासाठी बाटले’ हा टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला. त्याला उत्तर म्हणून आपण मौन पत्करले. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली. या लेखकांनी भूक आणि अपमान यांना मराठी साहित्याच्या मध्यभागी आणून बसविले. त्याच वस्त्यांतून, त्याच भुकेतून निघालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र आपली कहाणी त्या धीटपणे सांगितली नाही. आपण इमारतींचा इतिहास लिहिला; माणसांचा लिहिला नाही.

भुकेतून आलेली श्रद्धा हलकी ठरते, हे गृहीतकच मुळात ख्रिस्ती नाही. संत योहानच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात लोक प्रभूला शोधीत येतात ते भाकरी खाल्ल्या म्हणून, आणि प्रभू ते त्यांना स्पष्ट सुनावतो. पण तो त्यांना हाकलून देत नाही. त्याच भाकरीवरून जीवनाच्या भाकरीचे संभाषण सुरू होते. काही जण सोडून जातात, काही राहतात. आपल्या आजोबांपैकी जे राहिले ते का राहिले? दुष्काळ सरला, धान्य पिकले, टोमणे चालू राहिले, तरीही राहिले. हा प्रश्न विचारणारे पुस्तक मला वाचावयाचे आहे, आणि ते बीबीसारख्या गावातूनच येऊ शकेल. कारण चतकोर बांधून ठेवणारे हात ज्यांनी पाहिले, ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. ती गेली की साक्षीदार संपतील.

सत्य सांगताना एक नैतिक प्रश्न उभा राहतो. आठवी आज्ञा खोटी साक्ष निषिद्ध मानते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु दुसऱ्याचे खरे दोषदेखील न्याय्य कारणावाचून उघड करू नयेत, अशीही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. आत्मकथनात आपल्याबरोबर इतरांचीही आयुष्ये येतात. त्यांनी आपल्याला तशी अनुमती दिलेली नसते. ऑगस्टीनने ज्या स्त्रीबरोबर अनेक वर्षे काढली, जी त्याच्या मुलाची आई होती, तिचे नाव त्याने कोठेही लिहिले नाही. स्वतःचा दोष मात्र लपविला नाही. कसोटी अशी ठेवता येईल : कठोर व्हावयाचे तर प्रथम स्वतःशी व्हावे, दुसऱ्याचे जे सांगावयाचे ते प्रश्नाच्या उत्तरासाठी अपरिहार्य असेल तेवढेच. मात्र या शिकवणीची ढाल करून सामाजिक अन्याय झाकणे योग्य नव्हे. व्यक्तीचे नाव गाळता येते. घडलेला अन्याय गाळता येत नाही.

तयारीचे काही व्यावहारिक टप्पे सुचवितो. आरंभी पुस्तकाचा प्रश्न एका वाक्यात लिहावा. तो एका वाक्यात मावत नसेल तर अजून सापडलेला नाही असे समजावे. नंतर वाचक ठरवावा : पुण्या-मुंबईत वाढणारी नात, गावातला अख्रिस्ती शेजारी, की धर्मग्रामातील तरुण? तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. मग पंधरा-वीस प्रसंग वेगवेगळ्या कागदांवर लिहून काढावेत, आणि ज्यांचा प्रश्नाशी संबंध नाही ते निर्दयपणे बाजूला ठेवावेत. आठवणीवर विसंबू नये. धर्मग्रामातील बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या, शाळा सोडल्याचा दाखला, सातबाराचा उतारा, जुनी पत्रे यांच्याशी तारखा ताडून पाहाव्यात. घरातील आणि वस्तीतील वृद्धांना, विशेषतः स्त्रियांना, विचारावे. त्यांचे म्हणणे आपल्या आठवणीशी जुळले नाही तर दोन्ही नमूद करावे; मतभेदामुळे साक्ष दुबळी होत नाही. जन्मापासून आरंभ करण्याचे बंधन नाही. प्रश्न जेथे प्रथम बोचला तेथून आरंभ करावा. प्रकरण पूर्ण झाले की कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकणारा जेथे चुळबुळ करतो तेथे बहुधा सत्काराचे वर्णन चालू असते. आणि प्रस्तावनेसाठी मान्यवरांकडे धाव घेण्याआधी हस्तलिखित काही महिने बाजूला ठेवून पुन्हा वाचावे.

पुस्तक लहान होईल, अशी भीती बाळगू नये. ताराबाईंचे पुस्तक पन्नासएक पानांचे होते. प्रश्न खरा असेल आणि साक्ष निर्भय असेल, तर तेवढी पाने शतकभराचे विस्मरणही सोसतात. आपल्या वाचकवर्गातील ज्येष्ठांनी चरित्राचा बाऊ न करता एवढे जरी ठरविले की आपल्या घरात श्रद्धा कोणत्या दाराने आली ते आपण खरेखरे लिहू, तर मराठी ख्रिस्ती साहित्यातील फार मोठी पोकळी भरून निघेल. ते दार भुकेचे असेल तर भुकेचे म्हणून लिहावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.