वसईविजयाचें स्मरण : उत्सव आणि कागद

इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत वसईचा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला. त्या गोष्टीस पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला असला तरी उत्तर कोंकणांत तिची आठवण बुजलेली नाहीं, आणि ती बुजूं नये हेंच इष्ट आहे. विजयाचा दिवस पाळावा कीं नाहीं, हा या लेखाचा प्रश्न नव्हे. तो पाळतांना गांवकऱ्यांनीं व स्थानिक मंडळ्यांनीं काय करावें, आणि आज सर्वत्र रूढ असलेली पद्धति इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, एवढेंच येथें पहावयाचें आहे. ती पद्धति सर्वांच्या परिचयाची आहे. मिरवणूक, पुतळ्यास हार, आवेशाचीं दोन व्याख्यानें आणि एक छापील पत्रक एवढ्यांत दिवस संपतो. त्यांत भक्ति असते. परंतु ज्या विजयाविषयीं अस्सल कागदांचा एवढा मोठा संग्रह उपलब्ध आहे, त्याच्या उत्सवांत एकही कागद वाचला जाऊं नये, ही आमच्या मतें मोठी उणीव आहे.

पहिली गोष्ट तिथीची. तहाचीं कलमें ठरलीं तो दिवस पोर्तुगेजांच्या नवीन पंचांगाप्रमाणें १६ मे होता. इंग्रजांनीं तें पंचांग १७५२ पर्यंत स्वीकारलें नव्हतें. म्हणून मुंबईकर इंग्रजांच्या गणनेनें तोच दिवस ५ मे होतो. मराठी गणनेनें तो शके १६६१, सिद्धार्थी संवत्सर, वैशाख शुद्ध पक्षांत पडतो. आणि मृगसाल अजून पालटलें नसल्यामुळें शुहूर सन मात्र तिसा सलासीन मया व अलफ हाच चालू होता. एकाच दिवसाचीं हीं चार नांवें ज्यास ठाऊक नाहींत, तो एका पुस्तकांत ५ मे व दुसऱ्यांत १६ मे पाहून गोंधळेल, किंवा हे दोन स्वतंत्र प्रसंग आहेत असें समजेल. शिवाय तह होणें आणि किल्ला रिकामा होणें यांत सुमारें आठवड्याचें अंतर आहे. पोर्तुगेज शिबंदी बाहेर पडली ती २३ मे रोजीं. उत्सव तिथीनें करावा कीं तारखेनें, याचा निर्णय गांवानें करावा. परंतु आपण नेमका कोणता प्रसंग साजरा करीत आहों, हें पत्रकाच्या पहिल्या ओळींत लिहिलेलें असावें.

दुसरी गोष्ट विजयाच्या मोलाची. वसई एका दिवसांत पडली नाहीं, आणि ती एका पुरुषानें घेतली असेंही नाहीं. साष्टीची मोहीम १७३७ च्या वसंतांत ठाणें हस्तगत होऊन सुरू झाली. तीस अणजूरच्या नाईकांसारख्या स्थानिक घराण्यांचा किती आधार होता, हें गंगाजी नाईकांच्या उद्योगावरून दिसतें. पोर्तुगेज अमलांत हिंदु रयतेस धर्माच्या बाबतींत जो जाच सोसावा लागला, तो या उद्योगाच्या मुळाशीं होता. तो झांकण्याचें कारण नाहीं. पुढें १७३९ च्या आरंभीं माहीम, केळवें, तारापूर हीं ठाणीं आलीं. तारापुरीं बाजी भिवराव रेठरेकर पडला, आणि तेथील शत्रूच्या शौर्याची कबुली खुद्द चिमाजीअप्पांनीं आपल्या पत्रांत दिली आहे. नंतर सुमारें तीन महिने वसईचा वेढा चालला. सुरुंग, लगट व तटावरील मारा यांत मराठ्यांकडील मेलेल्या व जखमी झालेल्या माणसांचा आंकडा ग्रँट डफनें पांच हजारांवर दिला आहे, पोर्तुगेजांचा आठशें. आंकड्यांच्या चुकभुलीस जागा ठेवली, तरी जिंकणाऱ्या पक्षाची हानि हरणाऱ्याच्या कित्येक पट होती, हें स्पष्ट आहे.

या हजारों माणसांचा उल्लेख उत्सवांत क्वचितच होतो. तोफेच्या तोंडीं स्वतःचें मस्तक देण्याची अप्पांची आख्यायिका मात्र प्रत्येक व्याख्यानांत येते. आख्यायिका सांगूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ती आख्यायिका म्हणून सांगावी आणि पत्र पत्र म्हणून वाचावें. चिमाजीअप्पांचें मोठेपण आख्यायिकेवर अवलंबून नाहीं. ब्रह्मेंद्रस्वामींस गेलेल्या पत्रांतून व पेशवे दफ्तरांतील कागदांतून दिसणारा सेनापति, सामानसुमानाची चिंता करणारा आणि माणसें गमावल्याचें दुःख लपवूं न शकणारा, हा व्याख्यानांतील पुतळ्याहून अधिक जिवंत आहे.

तिसरी गोष्ट तहाची. आमच्या मतें या विजयाचें सर्वांत स्मरणीय अंग तेंच आहे, आणि तेंच सर्वांत कमी सांगितलें जातें. एवढी हानि सोसून झाल्यावर सूड घेण्यास निमित्त भरपूर होतें. तरीही काएतानु द सोझ पेरैर या किल्लेदाराशीं जीं कलमें ठरलीं, त्यांप्रमाणें शिबंदीस हत्यारांनिशीं, नौबत वाजवीत व निशाणें उभारून बाहेर पडण्याची मोकळीक मिळाली. जाणाऱ्यांस चीजवस्त नेण्याची मुभा मिळाली. आणि मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याचें अभय मिळालें. पुढें अनेक चर्चवास्तु ओस पडल्या व ढासळल्या, हेंही खरें; तें सांगितल्यावांचून तहाची स्तुति एकांगी होईल. परंतु वसईच्या आसपास आजही ख्रिस्ती वस्ती नांदत आहे, तिची बोली मराठीच आहे, आणि त्या समाजानें मराठी वाङ्मयास लेखकही दिले आहेत. विजयोत्सव या शेजाऱ्यांस वगळून किंवा त्यांस पराभूत पक्ष मानून झाला, तर तो १७३९ च्या तहाहूनही संकुचित ठरेल. ज्यांनीं जिंकलें त्यांनीं जी उदारता लेखी दिली, ती त्यांच्या नांवें उत्सव करणाऱ्यांनीं सोडावी, हें उचित नव्हे.

चौथी गोष्ट घंटांची. संशोधकांस ती विशेष जवळची आहे. पोर्तुगेज चर्चांतील घंटा महाराष्ट्रांतील अनेक देवळांत टांगलेल्या आहेत. नाशिकास नारोशंकराच्या देवळावरील घंटा प्रसिद्ध आहे. देऊळ १७४७ चें, आणि घंटेवर १७२१ हें वर्ष. भीमाशंकर व मेणवली येथेंही अशा घंटा आहेत. त्या सर्वांस लोक सरसकट वसईच्या म्हणतात. परंतु घंटेवरील वर्ष ती ओतल्याचें असतें, ती लुटींत आल्याचें नव्हे. आणि मोहिमेंत वसईखेरीज साष्टींतील व किनाऱ्यावरील अनेक स्थळें आलीं होतीं. म्हणून प्रत्येक घंटेवरील अक्षरांचा ठसा घेऊन, तींत चर्चचें अगर संताचें नांव असल्यास तें वाचूनच तिचें मूळ स्थान ठरवावें. रंग, शेंदूर व वरचेवरची घासणी यांनीं हीं अक्षरें झिजतात. उत्सवाच्या खर्चांतील अल्प भाग या ठशांकडे वळविला, तर तें स्मरण पुष्पहारांपेक्षां अधिक टिकेल.

शेवटची गोष्ट पुढील इतिहासाची. १७८० च्या डिसेंबरांत गॉडर्डनें हाच किल्ला घेतला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें वसईसच इंग्रजांशीं तह करून आपलें स्वातंत्र्य गहाण टाकलें. चिमाजीअप्पांच्या विजयापासून त्यांच्या बंधूच्या पणतवंडाइतका काळही न लोटतां त्याच ठिकाणीं हें घडलें. विजयाच्या दिवशीं याची आठवण देणें अशुभ मानूं नये. जिंकलेलें कसें गेलें, हा प्रश्न विचारणारा उत्सवच पुढील पिढीस कांहीं शिकवूं शकेल.

तेव्हां गांवांनीं काय करावें? ज्या ठाण्याचा दिवस, तो त्या ठाण्यानें पाळावा. ठाणें, माहीम, केळवें, तारापूर यांस आपापले प्रसंग आहेत, सर्वांनीं वसईचाच दिवस उसना घेण्याची गरज नाहीं. त्या दिवशीं एक अस्सल पत्र मोडींतून उतरवून, कठीण शब्दांचे अर्थ सांगून, जाहीर वाचावें. तहाचीं कलमें दोन्ही समाजांच्या उपस्थितींत वाचावीं. दोन्ही बाजूंच्या मृतांस एकाच वेळीं वंदन करावें. मुलांस तटावर नेऊन मोर्चे कोठें होते, भगदाड कोठें पडलें, हें नकाशावरून दाखवावें. आणि किल्ला संरक्षित वास्तु असल्यानें त्याच्या भिंतींस खिळा, रंग किंवा फलक लावूं नये.

यांत संग्राहकांचें काम सर्वांत मोठें आहे. सरदेसायांनीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० च्या पुढील कांहीं वर्षांत काढले, केळकरांनीं 'वसईची मोहीम' लिहिली, पिसुर्लेकरांनीं पोर्तुगेजांच्या दफ्तरांतील बाजू मराठींत आणली. या तिन्ही कामांचा पाया म्हणजे उघडे झालेले कागद. परंतु मोहिमेंत ज्यांचे पूर्वज लढले, ज्यांस इनामें मिळालीं, किंवा ज्यांचीं गांवें वेढ्याच्या वाटेवर होतीं, अशा घराण्यांचे रुमाल बंद राहिले तर हा विजय कायमचा सेनापतीपुरताच सांगितला जाईल. शिलेदार, गोलंदाज, सुरुंग खणणारे बेलदार, होड्या पुरविणारे कोळी यांचीं नांवें आढळलीं तर अशाच कागदांत आढळतील. म्हणून ज्यांच्या संग्रहीं या मोहिमेचा एखादा ताकीदपत्राचा, इनामपत्राचा किंवा हिशेबाचा बंद असेल, त्यांनीं पुढील वैशाखापूर्वीं त्याची नक्कल करून, मूळ कागदाच्या छायाचित्रासह, जवळच्या संशोधन मंडळाकडे धाडावी. मालकी त्यांचीच राहील, आणि ज्यांची नोंद कोठेंच झालेली नाहीं अशा माणसांचीं नांवें उत्सवांत घेतां येतील.