बेळगावात पुन्हा ‘सौभद्र’: पदं राहिली, साक्या गेल्या

गेल्या महिन्यात टिळकवाडीत ‘संगीत सौभद्र’चा प्रयोग पाहिला. बाहेरगावच्या हौशी मंडळींनी बसवलेला. सभागृह भरलं होतं, मागे खुर्च्या टाकाव्या लागल्या. आजच्या दिवसांत हे काही थोडं नाही. तरीही घरी येताना मन खट्टू होतं, ते का हे लिहून ठेवावंसं वाटलं.

आधी चांगलं सांगतो. नांदी सगळ्या पात्रांनी उभं राहून, घाई न करता म्हटली. ऑर्गन खराखुरा होता, कीबोर्डवर भागवलं नव्हतं. सुभद्रेचं काम करणाऱ्या मुलीचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होते. तानेपेक्षा वाक्य महत्त्वाचं हे तिला कुणीतरी नीट शिकवलंय. आणि बलराम! या भूमिकेला गाणं जवळजवळ नाहीच, पण त्या गृहस्थांनी रागाचा पारा असा चढवत नेला की टाळ्या गाण्याइतक्याच पडल्या.

नारद मात्र आला आणि घड्याळ थांबलं. पहिल्याच पदाला अकरा मिनिटं (मी मोजली), वर वन्समोअर. गळा गोड, तयारी भरपूर, पण तोपर्यंत अर्जुन बिचारा एका पायावर उभा. नारद बातमी घेऊन आलाय, सुभद्रेला दुर्योधनाला देण्याचं ठरतंय, हे त्या पदांच्या भोवतीनं कळायला हवं. ते कळेपर्यंत लोक मैफलीत जाऊन बसले होते.

हा वेळ भरून काढला कशातून? साक्या, दिंड्या, कामदा काढून. पाच अंक पावणेतीन तासांत बसवायचे तर काहीतरी जाणारच, मान्य. पण कुठे कात्री लावायची ते कळलं पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकात पदांचे दोन प्रकार आहेत असं समजा. एक बसून ऐकायचं. दुसरं, चार ओळींत सवाल टाकून पुढं सरकायचं. पात्रं बोलता बोलता गातात ती या दुसऱ्यात. साकी गेली की बोलणं आणि गाणं यांच्यातला पूल गेला. मग गद्य एकीकडे, राग दुसरीकडे. बलराम स्वतःच्या हातानं बहिणीला त्या कपटी संन्याशाच्या सेवेला लावतो, हा नाटकातला सगळ्यात मिस्किल भाग; तो परवा पाच मिनिटांत उरकला. माझ्या शेजारी खानापूरकडच्या एक आजी होत्या. मध्यंतरात म्हणाल्या, “गाणी ब्येस झाली की. पण गोष्ट कुठं ऱ्हायली म्हणायची?”

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागली. निवेदकांनी सुरुवातीला ‘सौभद्र’ला अस्सल, निखळ मराठी ठेवा म्हटलं. बेळगावात या वाक्याला टाळी मिळतेच, कशासाठी मिळते तेही आपल्याला माहीत आहे. पण अण्णासाहेब जन्मले गुर्लहोसूरला, याच जिल्ह्यात. बेळगावात त्यांनी शिक्षकी केली. १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभं राहिलं, १८८२च्या नोव्हेंबरात ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक, आणि पुढच्या वर्षी पूर्ण नाटक. या पदांना त्यांनी कीर्तनातल्या, लावणीच्या चाली घेतल्या, तशा कानडीही घेतल्या. कानावर होतं ते त्यांनी वापरलं, लाजले नाहीत. पहिली सुभद्रा झालेले भाऊराव कोल्हटकर तर बडोद्याचे. म्हणजे या नाटकाची मुळं पुण्याबाहेरच जास्त पसरलेली, आणि त्यातलं एक मूळ आपल्या अंगणात.

आमच्याकडे वडिलांची छापील प्रत आहे, पुठ्ठा गेलेली. पदाच्या माथ्यावर चाल दिलेली, तिथं त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा. माझी आजी धारवाडकडची. वडील गुणगुणायला लागले की ती चुलीपुढून त्याच चालीवर कानडी म्हणायची, आणि दोघं एकमेकांना दुरुस्त करायचे. ते कानडी शब्द आम्ही कुणी लिहून घेतले नाहीत. आजी १९८४ला गेली. मैफलीसाठी घासूनपुसून घेतलेल्या चालींत ते वळण आता ऐकू येत नाही. बेळगावातल्या प्रयोगात तरी एखादं पद त्या जुन्या, साध्या चालीवर ठेवायला काय हरकत होती?

प्रयोग संपल्यावर रंगपटात गेलो. सुभद्रेला विचारलं, साक्या येतात का तुला?

“येतात की काका. तालमीत सगळ्या बसवल्या होत्या. वेळ बसंना म्हणून शेवटच्या आठवड्यात काढल्या.”

आणि बाजूबंद सोडता सोडता तिनं एक म्हणून दाखवली. पाऊण मिनिट लागलं असेल. बलरामाचं काम केलेले गृहस्थ मिशी उतरवत होते, ते थांबून ऐकत राहिले.