गावच्या शिलाफलकावरची नावं वाचलीत का?

पेटचा निकाल लागला की मला एकाच प्रकारचे मेसेज येतात. "ताई, विषय सुचत नाही." "गाईड विचारतात तुझा प्रश्न काय, तेव्हा काय सांगायचं?" मागच्या दोन पोस्टमध्ये आपण शोधनिबंध चिकित्सकपणे कसा वाचायचा ते पाहिलं. कशाची व्याख्या केली, काय मोजलं, कुणाला वगळलं, हे तीन प्रश्न. आज तेच तीन प्रश्न शोधनिबंधाला न विचारता एका कार्यक्रमाला विचारू. माजी सैनिकांचा सत्कार आणि हुतात्म्यांना अभिवादन. तुम्ही यातल्या एखाद्या कार्यक्रमाला नक्की बसलेले असणार. निदान शाळेत असताना उन्हात तरी.

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे, इतिहासाची नाही. त्यामुळे माझी नजर मोजमापाची आहे, हे आधीच सांगते.

९ ऑगस्ट २०२३ पासून देशभर 'मेरी माटी मेरा देश' हे अभियान झालं. गावोगावी शिलाफलक लावायचा, पंचप्रण शपथ घ्यायची, ७५ रोपं लावून अमृतवाटिका करायची, वीरांना आणि त्यांच्या कुटुंबांना वंदन करायचं, ध्वजारोहण करायचं. शेवटी गावची माती कलशातून दिल्लीला. बीड जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींतही हे झालं. आमच्या गावात मी तेव्हा सुट्टीला होते, म्हणून संपूर्ण कार्यक्रम पाहिला.

मंडप चांगला होता. पोरांनी लेझीम केलं. आमच्या गल्लीतल्या मेजर तात्यांना पुढच्या रांगेत खुर्ची होती. गावात फौजेतून आलेल्या माणसाला मेजरच म्हणतात, हुद्दा काहीही असो. तात्या नायक म्हणून निवृत्त झाले होते. सूत्रसंचालकाने त्यांचं नाव पुकारलं आणि पुढे म्हणाला, "कारगिलच्या रणभूमीवर शत्रूला धूळ चारणारे आपले वीर!" टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ, फोटो. तात्या खाली येऊन बसले.

तात्या १९८४ साली पेन्शनवर घरी आले. कारगिलचं युद्ध १९९९ चं. ते लढले होते १९७१ साली, पूर्वेच्या आघाडीवर. रात्री ओट्यावर मी विचारलं, तात्या, तुम्ही बोलला का नाहीत? ते म्हणाले, "त्या पोराला कागदावर जे लिहून दिलं ते त्यानं वाचलं. मला इचारलं कुणी व्हतं का? आन् टाळ्या तर वाजल्याच की." मग आगरतळ्याजवळच्या पावसाचं काहीतरी सांगायला लागले. मी ऐकलं, पण लिहून घेतलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तात्या गेले. आता त्यांची पलटण कोणती होती, हे त्यांच्या मुलालाही नीट सांगता येत नाही. त्यामुळे सूत्रसंचालकाला हसायचा मला काहीच हक्क नाही. त्याच्यापेक्षा जास्त वेळ माझ्याकडे होता.

लॅबमध्ये आम्हाला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. बाटलीत पदार्थ कितीही शुद्ध असो, वर लेबल नसेल तर ती फेकून द्यायची. काय आहे, कुणी केलं, कोणत्या तारखेला, हे लिहिलेलं नसेल तर त्या पदार्थाचा पुढे कुणालाच उपयोग नाही. हा निकष लावून आमच्या गावचा शिलाफलक वाचला. तीन नावं आहेत. दोघे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले, एक जवान. नावापुढे पलटण नाही, हुद्दा नाही, कुठे आणि कधी गेले ते नाही. आणखी पन्नास वर्षांनी तो फलक वाचणाऱ्या मुलीला इतकंच कळेल की या नावाचा एक माणूस होता. त्याच दिवशीचं फ्लेक्स मात्र माहितीने भरलेलं होतं. पाहुण्यांची नावं, पदं, फोटो, शुभेच्छुकांची संपूर्ण यादी. नोंद कशी करायची हे आपल्याला येत नाही असं मुळीच नाही. ती कुणाची करायची, इथे आपलं चुकतं.

आता पहिला प्रश्न, काय मोजलं? ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने या अभियानाचे आकडे दिले. २ लाख ३३ हजारांहून जास्त शिलाफलक, पंचप्रणाच्या सुमारे ४ कोटी सेल्फी, वीरांना वंदन करणारे २ लाखांहून जास्त कार्यक्रम, २ कोटी ३६ लाखांहून जास्त रोपं. आकडे मोठे आहेत आणि त्यामागे गावोगावच्या ग्रामसेवकांची, शिक्षकांची धावपळ आहे. पण ही यादी पुन्हा वाचा. फलक मोजले, फलकावरची नावं मोजलेली नाहीत. कार्यक्रम मोजले, त्यात किती माजी सैनिकांशी कुणी पाच मिनिटं बोललं हे मोजलेलं नाही. संशोधनात याला वैधतेचा प्रश्न म्हणतात. तुम्हाला मोजायचं आहे एक आणि मोजताय दुसरं, कारण दुसरं मोजायला सोपं आहे. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचंही तसंच. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. त्याचा निधी माजी सैनिकांच्या आणि दिवंगत जवानांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी वापरला जातो, ते काम खरंच मोलाचं आहे. पण बातमी कशाची येते? जिल्ह्याने उद्दिष्टाच्या किती टक्के निधी जमवला याची. तो कुणापर्यंत पोचला, याची बातमी क्वचित.

दुसरा प्रश्न, व्याख्या काय? आमच्या कार्यक्रमात एक काकू मंडपाच्या मागे उभ्या होत्या. अंगणवाडीत मदतनीस आहेत, पोरांना घेऊन आल्या होत्या. त्यांचे पती नोकरीत असताना लष्करी रुग्णालयात आजाराने गेले. वीरपत्नी म्हणून त्यांना बोलावलं नव्हतं. आयोजकांपैकी एकाला मी विचारलं तर तो म्हणाला, "ते शहीद नाहीत ना, लढाईत गेले नाहीत." त्याच्या आवाजात काही वाईट हेतू नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

इथे थांबा, कारण तुमच्या सिनॉप्सिसमध्ये नेमकी हीच चूक होते. 'शहीद' हा शब्द आपण सगळे वापरतो, पण सैन्यदलांत ही अधिकृत संज्ञा नाही. केंद्र सरकारने संसदेतही हे सांगितलेलं आहे. सैन्याच्या नोंदीत लढाईतला किंवा मोहिमेवरचा मृत्यू वेगळा आणि आजारपण-अपघातातला वेगळा, अशी विभागणी असते. कुटुंबाला मिळणारे लाभही त्यानुसार बदलतात. म्हणजे प्रशासनाची व्याख्या एक, गावाची दुसरी, आणि फलकावर कुणाचं नाव कोरायचं याचा निर्णय त्या दोहोंच्या मधे, ग्रामपंचायतीच्या खोलीत, अर्ध्या तासात. व्याख्या लिहून ठेवली असती तर निदान वाद तरी घालता आला असता. न लिहिलेल्या व्याख्येशी भांडता येत नाही. काकू भांडल्याही नाहीत.

तिसरा प्रश्न, कोण राहून गेलं? हा तर खास आपल्या जिल्ह्याचा. दसरा-दिवाळीनंतर बीडमधली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. ध्वजदिन ७ डिसेंबरला, १९७१ चा विजय दिवस १६ डिसेंबरला. म्हणजे हे दोन्ही दिवस कोयता हातात असण्याच्या काळात. तेव्हा गावात उरतात म्हातारी माणसं, शाळेतली काही पोरं आणि पदाधिकारी. एखाद्या जवानाचा भाऊ आणि वहिनी त्या दिवशी कारखान्याच्या फडात असतात. फोटोत मात्र "संपूर्ण गाव उपस्थित" असं लिहिलेलं असतं. २६ जुलैच्या कारगिल विजय दिवसाला किंवा १५ ऑगस्टला गाव भरलेलं असतं. आपला नमुना कोणत्या महिन्यात घेतला यावर निष्कर्ष बदलतो, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा आपल्या गावच्या कॅलेंडरवरून पटकन समजेल.

"एवढी चिकित्सा कशाला, भावना महत्त्वाची," असं कुणी म्हणेल. भावना महत्त्वाची आहेच. नुसत्या भावनेवर सोडलं की पुढे काय होतं, ते पहिल्या महायुद्धावरून दाखवते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणीही लढल्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत इथे या डिव्हिजनला शरण जावं लागलं. त्या आघाडीवर गेलेल्या आणि ज्यांची कबर सापडत नाही अशा ४० हजारांहून जास्त जणांसाठी बसरा इथे स्मारक उभं राहिलं. पण त्याच्या भिंतीवर ब्रिटिशांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली, आणि साध्या भारतीय शिपायांचा फक्त आकडा. अमुक पलटणीचे आणखी इतके. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून हे मान्य केलं. किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचं स्मरण नावानिशी झालेलं नाही किंवा अजिबातच झालेलं नाही, आणि त्यात बहुतेक आफ्रिका आणि इजिप्तमधले आहेत. शंभर वर्षांनी दिलगिरी व्यक्त केली. पण ज्यांची नावं कुठल्याच वहीत नव्हती, ती दिलगिरीने परत येत नाहीत.

याच्या उलट उदाहरण पंजाबचं. तिथल्या सरकारने युद्ध संपल्यावर गावनिहाय रजिस्टर केली. कोणत्या गावचा, कोणाचा मुलगा, कोणती पलटण. ती लाहोरच्या संग्रहालयात जवळजवळ शतकभर पडून होती. २०२१ मध्ये ३ लाख २० हजार सैनिकांच्या या नोंदी डिजिटल करण्याचं काम जगासमोर आलं आणि ब्रिटनमधल्या पंजाबी कुटुंबांना आपले पणजोबा सापडले. त्या रजिस्टरवर कुणी हार घातला नव्हता. कुणा कारकुनाने ओळीत नावं भरली होती, तेवढंच.

दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात, २५ फेब्रुवारी २०१९ ला खुल्या झालेल्या, ग्रॅनाइटवर जवानाचं नाव, हुद्दा आणि पलटण कोरलेली आहे. म्हणजे नमुना आपल्याकडेच आहे. तो गावच्या फलकापर्यंत पोचला नाही.

सत्काराचे कार्यक्रम बंद करा, असं माझं म्हणणं नाही. तात्यांना ती शाल आवडली होती. ती घडी करून पेटीत ठेवलेली मी पाहिली आहे. पहाटे गावच्या रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं त्या दिवशी तात्यांकडे वेगळ्या नजरेने पाहत होती, तेही खरं. त्यातल्या बऱ्याच जणांना कोयत्याशिवाय दुसरी वाट म्हणून फौज दिसते. त्यांना तरी खरी माहिती मिळायला नको का? माझी तक्रार एवढीच की दोन तासांच्या कार्यक्रमातली पंधरा मिनिटं नोंदीला द्या.

आता तुमच्यासाठी काम. दिवाळीला गावी जाल तेव्हा शिलाफलकाचा फोटो काढा आणि एक वही घाला. प्रत्येक नावासमोर हुद्दा, पलटण, भरतीचं साल, निवृत्तीची किंवा मृत्यूची तारीख, ठिकाण, आणि ही माहिती कुठून मिळाली ते. एका माणसाच्या आठवणीवर थांबू नका. डिस्चार्ज बुक, पेन्शनची कागदपत्रं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, यांच्याशी ताडून पाहा. दोन ठिकाणी वेगवेगळं निघालं तर दोन्ही लिहा, स्वतःच्या मनाने एक खोडू नका. परवानगीशिवाय रेकॉर्डिंग नको. वीरमातेला मुलाच्या शेवटच्या दिवसाबद्दल तुम्ही होऊन विचारू नका. ती सांगेल तेवढंच ऐका. फलकावर नाव असायला हवं होतं आणि नाही, अशांसाठी वहीत वेगळं पान ठेवा. कुणाला तिथे धरलंत आणि का, ते वर दोन ओळींत लिहा. तीच तुमची व्याख्या.

हे केलंत तर "प्रश्न सुचत नाही" हा मेसेज मला परत पाठवणार नाही तुम्ही. माझ्या वहीत सध्या अकरा नावं आहेत. काकूंच्या पतींचं नाव पलटणीसकट, तारखेसकट आहे. तात्यांच्या नावापुढचा पलटणीचा रकाना अजून रिकामा आहे. त्यांच्या मुलाने जुनी पेटी उघडून कागद शोधून ठेवतो म्हणून सांगितलंय. पुढच्या महिन्यात गावी जातेय.