मँगनाइटमधील प्रावस्था-सहअस्तित्व : ताणाच्या सिद्धान्ताची चिकित्सा

मँगनाइट संयुगांविषयीच्या संशोधनात 'प्रावस्था-विलगन' ही संज्ञा इतकी सैलपणे वापरली गेली आहे की, तिच्यामागे एकच घटना असावी असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात काही नॅनोमीटरचे ठिपके आणि मायक्रोमीटरच्या मापाचे विस्तृत प्रदेश एकाच नावाखाली येतात. हा फरक गौण नाही. कोणते स्पष्टीकरण टिकते व कोणते टिकत नाही, हे त्यावरच ठरते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. योंकर व व्हान सँटन यांनी १९५० मध्ये या संयुगांतील लोहचुंबकत्व नोंदविले आणि झेनर यांनी १९५१ मध्ये 'द्विविनिमय' ही कल्पना मांडली. शेजारच्या मँगनीज आयनांचे चुंबकीय आघूर्ण समांतर असले की इलेक्ट्रॉन ऑक्सिजनमार्गे एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो, हा तिचा गाभा. महाविद्यालयीन अध्यापन बहुधा येथेच थांबते. १९९४ मध्ये जिन व सहकाऱ्यांनी लँथॅनम-कॅल्शियम मँगनाइटच्या पटलात ७७ केल्विनच्या सुमारास, ६ टेस्ला क्षेत्रात, विद्युतरोधात १,२७,००० टक्के बदल नोंदविला. हा आकडा वर्गात सांगताना सावधगिरी हवी, कारण येथे भागाकार क्षेत्र लावल्यानंतरच्या अत्यल्प रोधाने केलेला आहे. मूळ रोधाने भागल्यास तीच घट सुमारे ९९.९२ टक्के ठरते. मिलिस, लिटलवुड व श्राइमन यांनी १९९५ मध्ये केवळ द्विविनिमयाने रोधाचे स्पष्टीकरण होत नाही, स्फटिकजालकाची विरूपणेही हिशेबात घ्यावी लागतात, असे दाखविले.

खरे वळण १९९९ मध्ये आले. उएहारा व सहकाऱ्यांनी लँथॅनम-प्रॅसिओडिमियम-कॅल्शियम मँगनाइटमध्ये लोहचुंबकीय धातुरूप प्रदेश आणि प्रभार-क्रमित विसंवाहक प्रदेश शेजारी शेजारी, सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरच्या मापाचे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले. पावसात अंगणातली डबकी वाढत वाढत एकमेकांना मिळतात आणि एका क्षणी पाणी या कडेपासून त्या कडेपर्यंत वाहू लागते, तसेच येथे विद्युतप्रवाहाचे होते. थोड्या क्षेत्राने रोध एवढा का कोसळतो, याचे हे पटणारे उत्तर होते.

मात्र प्रदेश एवढे मोठे का, हा प्रश्न उरला. दोन प्रावस्थांतील प्रभारघनता भिन्न असेल, तर स्थितिविद्युत प्रतिकर्षण त्यांना नॅनोमीटरपलीकडे वाढू देत नाही. दागोत्तो व सहकाऱ्यांनी दोन जवळपास तुल्यबळ प्रावस्थांची स्पर्धा आणि त्यात रासायनिक अव्यवस्थेची भर असे उत्तर दिले. याउलट आन, लुकमन व बिशप यांनी २००४ मध्ये असे प्रतिपादन केले की अव्यवस्थेची गरजच नाही. विरूपित जालक विसंवाहक आणि अविरूपित जालक धातुरूप. दोहोंसाठी ऊर्जेचे स्वतंत्र किमान बिंदू असतात, आणि ताणाचे परिणाम दूरवर पोहोचत असल्याने मोठे प्रदेश आपोआप घडतात व टिकतात.

प्रतिपादन देखणे आहे. पण ते एक प्रतिमान आहे, आणि ताण प्रदेश निर्माण करतो की अन्य कारणाने निर्माण झालेल्या प्रदेशांना फक्त आकार देतो, हा भेद त्यानंतरच्या अनेक लेखांत पुसला गेला. वॉर्ड व सहकाऱ्यांचे २००९ चे काम येथे महत्त्वाचे. निओडिमियम गॅलेटवर वाढविलेल्या पटलात प्रतलातील दोन लंब दिशांना रोध वेगवेगळा वागतो, म्हणजे धातुरूप प्रदेश ताणाच्या दिशेनुसार लांबट होतात. यावरून ताण मार्गदर्शक आहे एवढे सिद्ध होते. तो जनक आहे हे नाही.

पटलांवरील इतर बरेच पुरावे याहून कच्चे आहेत. लँथॅनम-कॅल्शियम मँगनाइटचा जालकांक सुमारे ३.८६ अँगस्ट्रॉम, स्ट्राँशियम टिटॅनेटचा ३.९०५, लँथॅनम ॲल्युमिनेटचा सुमारे ३.७९. पहिल्यावर पटल ताणले जाते, दुसऱ्यावर दाबले जाते. परंतु आधारस्फटिक बदलला की ऑक्सिजनचे प्रमाण आणि पटलवाढीची रीतही बदलू शकते. लँथॅनम ॲल्युमिनेटमध्ये तर जुळे स्फटिकभाग असतातच. सगळा फरक ताणाच्या खात्यावर टाकणे ही सोयीची हिशेबनिशी झाली.

तिसरा आक्षेप इंदूरहून आला, आणि त्याची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही. तेथील विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संशोधन केंद्रात चड्ढा, बॅनर्जी व सहकाऱ्यांनी अर्ध-मिश्रित मँगनाइटमध्ये असे दाखविले की, थंड करताना संक्रमण अर्ध्यावर गोठते. कमी तापमानाला दिसणारे सहअस्तित्व मग समतोलाचे नसून काचेसारखे अडकलेले असते. त्यांची रीत साधी आहे : नमुना एका क्षेत्रात थंड करायचा आणि वेगळ्या क्षेत्रात तापवायचा. अडकलेली प्रावस्था तापवताना सुटून समतोलाकडे जाते आणि कोणती प्रावस्था खरी स्थिर आहे ते उघड होते. केवळ थंड करून आखलेल्या प्रावस्था-आकृतीवर ताणाचा सिद्धान्त उभारणे म्हणूनच धोक्याचे.

ताणाचा स्वतंत्र परिणाम मोजण्याची वाट २०२० मध्ये अधिक मोकळी झाली. हाँग व सहकाऱ्यांनी लँथॅनम-कॅल्शियम मँगनाइटचा पापुद्रा आधारस्फटिकापासून सोडवून त्याला एका दिशेने ८ टक्क्यांहून अधिक ताण दिला आणि धातुरूपाकडून विसंवाहकाकडे होणारे संक्रमण पाहिले. आधारस्फटिक न बदलता ताण बदलता येतो, हे त्या प्रयोगाचे बळ. प्रदेशांचे माप कशाने ठरते हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. त्यासाठी अशाच पापुद्र्यावर, ताण टप्प्याटप्प्याने वाढवीत, प्रदेशांच्या प्रतिमा घ्याव्या लागतील, आणि त्याही थंड करताना व तापवताना अशा दोन्ही वेळी.